निवृत्त दिव्यांच्या सहवासात

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप आला की आम्हां डॉक्टरमंडळींची लेखणी सवयीने लसीकरण, मधुमेह किंवा ताणतणाव यांपैकी एखाद्या विषयाकडे वळते. मीही आजवर तेच करीत आलो. 'पावसाळा आणि बालकांचे आरोग्य' या विषयावरचे माझे तीन लेख निरनिराळ्या वर्षी याच पानांवर प्रसिद्ध झाले असून, तिन्ही लेख मुळात एकच आहेत हे अद्याप कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. यंदा मात्र संपादकांची क्षमा मागून एका वेगळ्या विषयावर लिहावे म्हणतो.

आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. तीत रस्त्यावरच्या खांबांवरून उतरलेले एकतीस जुने दिवे आहेत. ते मी भंगारातून विकत घेतले, उघडले, घासूनपुसून स्वच्छ केले, त्यांच्या तारा नव्याने जोडल्या आणि आज त्यांतले सव्वीस पेटतात. आमच्या सौभाग्यवती त्या खोलीला 'वृद्धाश्रम' म्हणतात. आल्यागेल्याला ही खोली दाखविताना मी वस्तूंची माहिती पुष्कळ देतो. परंतु तिच्यात घडलेली एक चूक आणि त्या चुकीनंतर मुलांच्या संदर्भात माझे जे मत बनले, ते आजवर कोणापुढे मांडलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

या नादाचे मूळ नवजात शिशूंच्या कक्षात आहे, असे सांगितले तर आश्चर्य वाटेल. मी निवासी डॉक्टर होतो त्या काळी काविळीच्या बाळांना ज्या निळ्या प्रकाशाखाली ठेवीत, तो साध्या ट्यूबलाइटच्याच जातीच्या नळ्यांचा असे. रात्री दोन वाजता त्यांतली एखादी नळी मिचमिचू लागे आणि इलेक्ट्रिशियन सकाळी नऊशिवाय येत नसे. बिलिरुबिन मात्र नऊ वाजेपर्यंत थांबत नाही. एका वयस्क वॉर्डबॉयने मला स्टार्टर फिरवून काढायला शिकविले, पुढे चोक बदलायलाही शिकविले. पदव्युत्तर शिक्षणात मिळालेल्या अनेक धड्यांपैकी हा एक मी कधीही विसरलो नाही.

या उपचाराचा जन्मही असाच निरीक्षणातून झालेला आहे. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात वॉर्ड नावाच्या एक परिचारिका होत्या. उन्हात नेलेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पिवळेपणा ओसरला होता. पण चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोण तेवढा पिवळाजर्द राहिला होता, हे त्यांनी डॉक्टरांना दाखविले. खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातले बिलिरुबिनही कमी भरले. त्यातून क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी नळ्यांचा पाळणा बनविला आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल दिला. या दिव्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकविली. नळी डोळ्यांना चांगली पेटलेली दिसते, परंतु तिचे उपयोगी निळे तेज तासागणिक घटत असते. दिवा पेटणे आणि दिवा काम करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढे व्यवसाय, संसार आणि मुलांची शिक्षणे यांत चोक आणि स्टार्टर मागे पडले. जानेवारी २०१५ मध्ये पथदीप बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगावचे पिवळे दिवे उतरून तेथे पांढरे एलईडी दिवे चढू लागले. एका सकाळी दवाखान्यात जाताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एका हातठेल्यावर सोडियमच्या दिव्यांची फिटिंग्ज रचलेली दिसली. ज्याच्या उजेडात माझी मुलगी सायकल शिकली तो दिवा त्यांत असणार, एवढेच मनात आले. ठेलेवाल्याने ॲल्युमिनियमच्या भावाने वजन करून दोन नग दिले. त्या दिवशी दवाखान्यात मला उशीर झाला आणि कारण विचारले तेव्हा मी खोटे बोललो.

दोनाचे एकतीस कसे झाले ते सांगत बसत नाही. कोणत्याही छंदाची वाढ ही साथीच्या रोगासारखीच असते. महाराणी रोडवरची विजेच्या सामानाची दुकाने, लोहा मंडी, ओळखीच्या कंत्राटदारांची गोदामे असा माझा रविवारचा फेरा ठरून गेला. संग्रहात सर्वांत जुनी आहेत ती एनॅमलची लोखंडी झाकणे, ज्यांखाली साधा तारेचा बल्ब लावीत. मग ट्यूबलाइटच्या लांब पेट्या, मग पाऱ्याच्या वाफेचे निळसर पांढरे दिवे आणि अखेरीस सोडियमचे सोनेरी. आपल्या पिढीने हे चारही उजेड पाहिले. कोणत्या उजेडात आपण काय केले याची आठवण काढा, मी म्हणतो ते पटेल.

मी मात्र गुंतलो तो आठवणींपेक्षा त्यांच्या शरीररचनेत. साध्या बल्बला दोन तारा जोडल्या की काम झाले. पारा किंवा सोडियमचा दिवा तसा नाही. त्यातील वायूतून एकदा प्रवाह सुरू झाला की त्याचा अवरोध घटत जातो आणि अडविणारे कोणी नसेल तर तो प्रवाह ओढता ओढता स्वतःचाच नाश करून घेतो. त्याला आवर घालणारा तो चोक. सोडियमच्या दिव्याला सुरुवातीचा धक्का देण्यासाठी इग्नायटर लागतो. तो काही हजार व्होल्टचे क्षणिक ठोके देतो. पाऱ्याच्या दिव्याला बहुधा तो लागत नाही, कारण त्याच्या पोटातच एक लहानसे साहाय्यक अग्र असते. सोडियमची वाफ तापली की काचेला खाते, म्हणून तिला ॲल्युमिनाच्या, म्हणजे माणकाच्याच कुळातील पदार्थाच्या, दुधी नळीत कोंडावे लागते. रस्त्यावरचा एखादा पिवळा दिवा दहा मिनिटे जळतो, विझतो, पुन्हा जळतो, हे आपण पाहिले असेल. लोक म्हणत, तार ढिली आहे. वास्तविक तो दिवा म्हातारा झालेला असतो. वयपरत्वे त्याची व्होल्टची भूक वाढते, ती चोकला भागवता येत नाही. तो विझतो, थंड होतो आणि इग्नायटर त्याला पुन्हा उठवतो. हे मला कळले त्या दिवशी लहान मुलासारखा आनंद झाला होता.

हे सारे मला शिकविले ते एका निवृत्त मिल-मिस्त्रींनी. इंदूरच्या कापडगिरण्या बंद पडल्या तरी अनंत चतुर्दशीच्या झांक्या चालू राहिल्या, हे वाचक जाणतातच. त्या झांक्यांवर हजारो दिवे चालते-बोलते करणाऱ्या माणसांपैकी हे एक. मी डॉक्टर आहे याचे त्यांना काडीइतके कौतुक नव्हते. पहिल्याच दिवशी मी सुटलेल्या कपॅसिटरला हात लावायला गेलो, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले आणि म्हणाले, "साहब, करंट डिग्री नहीं देखता." वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो, हे मी अकरावीत शिकलो होतो, मनगट धरले गेले तेव्हा ते समजले. जुना चोक थेट मुख्य विजेवर कधी लावायचा नाही, आधी मेगरने त्याचे इन्सुलेशन तपासायचे, मग सिरीजमध्ये बल्ब घालून पाहायचे, धातूच्या प्रत्येक पेटीला अर्थिंग द्यायचे, ही त्यांची शिस्त. माझ्या टेबलावर तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी त्यांनीच बसवून घेतला. हृदयाच्या स्नायूला किती प्रवाह कंप आणतो ते मी त्यांना सांगितले, तेव्हा मात्र ते प्रथमच माझ्याकडे आदराने पाहू लागले.

आता ती चूक. २०१९ चा मे महिना होता. शेजारच्या बिऱ्हाडातला अकरा वर्षांचा मुलगा सुट्टीत रोज गच्चीवर येई, स्क्रू वाटीत जमा करी, काचेची भांडी धुऊन देई. त्या दिवशी मी सव्वाशे वॉटचा पाऱ्याचा एक दिवा आणला होता. त्याची बाहेरची पेरूच्या आकाराची काच निम्मी फुटून गेली होती, परंतु आतली गारगोटीची छोटी नळी धडधाकट होती. "काका, पेटेल का?" मुलाने विचारले. मलाही तीच उत्सुकता. तारा जोडल्या, आरसीसीबी लावला, अर्थिंग तपासले, शिकविलेले सर्व काही केले. दिवा पेटला, हळूहळू वाढत गेला आणि असा काही झळकला की आम्ही दोघे हातभर अंतरावरून पाव तास त्याच्याकडे पाहत राहिलो.

रात्री अकराच्या सुमारास माझ्या डोळ्यांत वाळू टाकल्यासारखे खुपू लागले, पाणी वाहू लागले, आणि त्याच क्षणी मला काय झाले ते कळून चुकले. पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात, गारगोटी ते सोडून देते आणि बाहेरची काच अडविते. ती काच केवळ शोभेची नसते. ती फुटली तरी आतला दिवा जळत राहतो आणि पाहणाऱ्याच्या बुबुळाच्या वरच्या पडद्याला भाजतो. वेदना मात्र कित्येक तासांनी सुरू होते, त्यामुळे कारण लक्षातही येत नाही. वेल्डिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांबाबत आपण सर्वांनी हे वाचलेले आहे. मीही वाचले होते. मी जिना उतरून शेजारी गेलो, तेव्हा तो मुलगा दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट धरून रडत होता.

आमच्या एका नेत्रतज्ज्ञ मित्राने रात्री बारा वाजता दवाखाना उघडला. दोघांच्याही पडद्यांवर फ्लुरोसीनचे हिरवे ठिपके उमटले. तिसऱ्या दिवशी मुलाचे डोळे पूर्ववत झाले, माझे चौथ्या. परंतु त्या रात्री रिक्षात बसलेल्या त्याच्या आईला मी सर्व सांगितले, तेव्हा त्या माउलीने एवढेच विचारले, "डॉक्टर, तुम्हीच?" तीस वर्षे लोकांच्या मुलांना हात लावताना प्रत्येक मात्रा वजनावर मोजणारा मी, माझ्या हौसेपुढे एका मुलाचे वजन विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी खोलीला कुलूप लावले. ते सात महिने होते. मुलगा येईनासा झाला, त्याच्या आईशी बोलणे नमस्कारापुरते उरले, मिस्त्रींनाही मी काही सांगितले नाही. ज्याला कळेल तो म्हणेल, कुलूप लावले हे योग्यच केले. मीही तसेच समजत होतो.

ते कुलूप निघाले त्याला कारण घडले एका भंगाराच्या वखारीत. एका कपॅसिटरच्या शोधात मी तेथे गेलो होतो. नऊ-दहा वर्षांची दोन मुले रस्त्यावरून उतरलेल्या दिव्यांचा ढीग घेऊन बसली होती आणि दगडाने एकेक दिवा फोडून पितळी टोपी वेगळी करीत होती. पांढरी भुकटी त्यांच्या केसांवर, गुडघ्यांवर आणि शेजारी ठेवलेल्या भाकरीवर पडत होती. पाऱ्याची वाफ नाकाला कळत नाही. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेते आणि जमिनीलगत श्वास घेते. १९८७ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात, फुटलेल्या ट्यूबलाइटमधील पाऱ्यामुळे दोन वर्षांहून लहान बालकाला ॲक्रोडायनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आहे. हातपाय लाल, सोलवटलेले, दुखरे. घाम, चिडचिड, वाढलेला रक्तदाब. असे मूल आपल्यापैकी कोणाच्या ओपीडीत आले, तर आपण 'घरी कोणता धंदा करता?' हा प्रश्न विचारू का? मी तरी तोवर क्वचितच विचारला होता.

मालकाशी बोललो. काम थांबले, माझी पाठ फिरल्यावर कितपत थांबले असेल ते माहीत नाही. पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत आले होते, मिनामाता करारान्वये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांच्या उत्पादनाला आणि आयात-निर्यातीला २०२० ही अखेरची मर्यादा घातली गेली आणि आपल्या इंदुरात तर घंटागाडीत घातक घरगुती कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. नियमांची उणीव नाही. परंतु परत येताना माझ्या डोक्यात नियम नव्हते. त्या दोन मुलांच्या हाती दिवे होते आणि त्यांत काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आमच्या सोसायटीतली मुले पाऱ्याचा अणुक्रमांक सांगू शकतात, पण त्यांनी उभ्या आयुष्यात एक स्क्रू फिरविलेला नाही. आणि ज्या एका मुलाला दोन्ही मिळण्याची शक्यता होती, त्याच्या तोंडावर मी कुलूप लावले होते.

माझे मत येथे स्पष्ट मांडतो, कारण ते अनेकांना रुचणार नाही. आपण सुशिक्षित पालकांनी आणि, दुर्दैवाने, आपण बालरोगतज्ज्ञांनी सुरक्षितता म्हणजे वस्तू दूर ठेवणे असा अर्थ करून टाकला आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो बरोबर आहे. प्लगच्या भोकांना झाकण लावाच. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. माझ्या चुकीचे कारण मुलगा खोलीत होता हे नव्हते. खोलीतल्या मोठ्या माणसाने स्वतःला जाणकार समजले, हे होते. ती फुटकी काच मी मुलाला आधी समजावून सांगायला बसलो असतो, तर सांगता सांगताच माझ्या ध्यानात आले असते. रोग्याची केस विद्यार्थ्यापुढे मांडताना आपली चूक आपल्याला सापडते, हा अनुभव आपणां सर्वांना आहे.

माझे एक सहकारी म्हणतात, एखाद्याला शॉक लागला तर कोर्टात उभे राहाल. खरे आहे, त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही, फक्त काही नियम आहेत. दहा वर्षांखाली प्रवेश नाही. आईवडिलांनी आधी स्वतः येऊन खोली पाहायची. बाहेरची काच फुटलेला दिवा पेटवायचा नाही. तो बंद डब्यात घालून त्याच्या गाडीत जातो. तार जोडण्यापूर्वी मुलाने प्रत्येक भाग काय करतो ते मोठ्याने सांगायचे आणि बटण मी दाबायचे. या सर्वांतून मुलांची एकाग्रता वाढते, मोबाईल सुटतो असा दावा मी करणार नाही. त्याला माझ्यापाशी आधार नाही. एक गोष्ट मात्र पाहिली आहे. सोडियमचा दिवा पूर्ण तेजावर यायला पाच मिनिटे घेतो. विझविलेला पाऱ्याचा दिवा थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटत नाही, कितीही बटण दाबा. मुले आधी चिडतात आणि मग बसून राहतात. मुलांना थांबायला लावील अशी वस्तू आता घरात उरलेली नाही.

ओघाने एक खुलासा. मी नव्या दिव्यांचा विरोधक नाही. सव्वाशे वॉटचा पाऱ्याचा दिवा सहा हजारांच्या आसपास ल्युमेन देत असे. आजचा एलईडी त्याच्या निम्म्याहून कमी विजेत तेवढे देतो. आक्षेप आहे तो सरसकट निळसर पांढऱ्या उजेडाला. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा, त्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप. त्याचे निळे टोक आमच्या काविळीच्या दिव्याच्या शेजारचेच. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जून २०१६ मध्ये पथदीप तीन हजार केल्व्हिन किंवा त्याहून उबदार असावेत, झाकलेले असावेत आणि शक्य तेथे मंद करता यावेत, असा सल्ला दिला तो झोपेचा विचार करूनच. शयनगृहाच्या खिडकीसमोर खांब असेल तर संस्थेच्या सभासदांनी याबाबत अर्ज करायला हरकत नाही.

२०१९ च्या डिसेंबरात मी शेजारी गेलो. वहिनींना नियमांचा कागद दिला, वखारीत पाहिलेले सांगितले आणि मुलाला पाठवा असे न म्हणता, तुम्ही एकदा खोली पाहायला या, असे म्हटले. त्या आल्या. दीड तास थांबल्या. प्रत्येक दिव्याबद्दल, हा काय करू शकतो, एवढे एकच विचारीत होत्या. जाताना म्हणाल्या, "रविवारी पाठवते. पण मीही येईन." पुढचे तीन महिने त्या खरोखरच आल्या, सत्तर वॉटचे एक सोडियमचे फिटिंग तर त्यांनीच जोडले आहे आणि त्याची जोडणी माझ्यापेक्षा सुबक आहे. मार्च २०२० मध्ये सारेच थांबले, ते पुन्हा सुरू व्हायला दीड वर्ष गेले. मिस्त्रीजी मध्यंतरी वारले. त्यांचा टेस्ट लॅम्प त्यांच्या मुलाने मला आणून दिला.

आता तो मुलगा पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. सध्या दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा खोली उघडी असते. पाच मुले येतात, त्यांत दोन मुली. रबरी तळव्याची चप्पल घालून यावे. गेल्या पावसाळ्यात तो एक एलईडीचे फिटिंग घेऊन आला. खांबावरून पडलेले, जेमतेम चार वर्षे चाललेले. "काका, यातलाही एक ठेवायला हवा ना?" आम्ही ते उघडले. दिवे शाबूत होते, ड्रायव्हर जळाला होता आणि तो सबंध रेझिनमध्ये ओतून बंद केलेला. दोन रविवार गेले तरी आत शिरता आले नाही. एकतिसावा तो. त्याच मापाचा ड्रायव्हर कोणाच्या पाहण्यात आला, तर कृपया कळवावे.